आपलेच व्हाउचर, आपलीच सही

बँकेत मी नवा अधिकारी होतो तेव्हाची गोष्ट. कर्जवसुलीसाठी दोन गावे फिरून आलो आणि प्रवासखर्चाचे ४७ रुपयांचे व्हाउचर लिहिले. मॅनेजरसाहेब रजेवर, सहीचा अधिकार त्या दिवशी माझ्याकडे. मीच ते पास केले आणि पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. म्हणाले, "रक्कम बरोबर आहे, तिकिटेही जोडली आहेत. पण आपले व्हाउचर आपण पास करायचे नसते." मला पैसे परत भरायला लावले, मग स्वतः सही करून तेच पैसे दिले. निवृत्त होईपर्यंत ती लाज विसरलो नाही.

ती आठवण ताजी झाली उत्तर प्रदेशातल्या एका कायद्यामुळे. १९८१ साली विश्वनाथ प्रताप सिंह मुख्यमंत्री असताना तो झाला. मंत्र्यांच्या पगारावरचा आयकर सरकारी तिजोरीतून भरायचा! कारण काय, तर बहुतेक मंत्री गरीब घरचे. पुढे काँग्रेस, समाजवादी, बसपा, भाजप अशी सगळ्यांची सरकारे आली. एरवी एकमेकांची तोंडे न पाहणाऱ्यांनी या कलमाला मात्र हात लावला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये वर्तमानपत्रातून बभ्रा झाला, तेव्हा कुठे मंत्री आपला कर आपण भरतील असे जाहीर झाले. मध्य प्रदेशात अशीच सोय १९७२ पासून होती. ती २०२४ साली बंद झाली.

आमच्या शाखेतल्या कारकुनाचा आयकर पगारातूनच कापला जाई. साबणाची वडी घेणारा रिक्षावालाही कर भरतोच. त्याच्या पैशातून मंत्र्यांचा कर भरला जात होता.

यात टेबलाखालून काहीच गेले नाही. बिल रीतसर, मंजुरी रीतसर. घोटाळा असता तर निदान खटला तरी चालला असता. कुंपणाने शेत खाल्ले, तेही सातबारा दाखवून!

खासदारांचे वेतनही घटनेच्या १०६व्या कलमानुसार संसदच ठरवते. ते महागाईच्या निर्देशांकाला जोडण्याचा नियम २०१८ साली झाला. त्यानुसार २०२५ मध्ये मासिक वेतन १ लाखावरून १ लाख २४ हजार झाले आणि माजी खासदारांचे किमान निवृत्तिवेतन २५ हजारांवरून ३१ हजार. हे आकडे मला फार वाटत नाहीत. लोकप्रतिनिधीला चांगला पगार हवाच, नाहीतर शाळामास्तराने निवडणूक लढवायची कशी? निर्देशांक आला हेही बरे झाले. पण तो लावायचा कसा, हेही घेणाऱ्यांनीच ठरवले.

ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाच्या बिलांचा बोभाटा झाला. तेव्हा त्यांनी बिले तपासायला स्वतंत्र संस्था नेमली; २०११ पासून खासदारांचा पगारही तीच ठरवते. आपल्याकडेही हे अशक्य नाही. त्यासाठी आपल्या हातची सही दुसऱ्याला द्यावी लागेल, एवढेच.

मते मागायला कोणी दारात आले तर त्याला पगार किती मिळतो हे विचारू नका. तुमचे व्हाउचर पास कोण करतो, तेवढे विचारा. खातेदार आपण आहोत.