काजवे पाहायला जाताना गाडीत काय भराल?



रोहिणी नक्षत्र लागले की नांगरट-वखरणी उरकलेली असते, बियाणे-खत घरात येऊन पडलेले असते आणि सगळ्यांचे डोळे मृगाकडे लागलेले असतात. मधे आठ दिवसांची उसंत मिळते. ही उसंत पूर्वी वऱ्हाडात आणि जत्रांत जायची. आता कुटुंबेच्या कुटुंबे गाडी काढून भंडारदऱ्याला काजवे पाहायला जातात आणि धरणाच्या काठी तंबू ठोकून एक-दोन रात्री राहतात. गुरांच्या धारांची सोय लावून जरूर जावे. वर्षभर चुलीपुढे आणि गोठ्यात राबणाऱ्या बायामाणसांना तेवढाच मोकळा वारा. पण आमच्या हातून जी चूक झाली ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून आज बियाण्याचे राहू द्या, सामानाचे बोलतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शेती धाकटा भाऊ पाहतो. सामानाला त्याची पिकअप आणि माणसांना जीप, अशा दोन गाड्या घेऊन आम्ही निघालो. (पिकअपच्या हौद्यात पोरेबाळे बसवून घाट चढणारे दिसतात. तसे करू नका, हौदा मालासाठी आहे.) संगमनेर, अकोले, राजूर करीत दिवस मावळायच्या आत शेंडीला पोचलो. ताडपत्री बांधली, सतरंज्या टाकल्या. पाणी पुतण्याने घरूनच पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून घेतले होते. भावजयीने खिचडीसाठी एक कॅन पांढऱ्या पातेल्यात ओतला आणि ती थबकली.

"दादा, हे पाणी असं दुधाळ का दिसतंय?"

मी वास घेतला. रॉकेलसारखा दर्प आला. तो कॅन फवारणीच्या औषधाचा होता. "काका, तीनदा धुतला होता, साबणानं धुतला होता," पुतण्या रडकुंडीला येऊन सांगत होता. तोवर आमच्या चार वर्षांच्या नातीने त्यातले अर्धा पेला पाणी प्यालेले होते.

रात्री घाटरस्त्याने तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "औषध कोणतं?" कॅनवरची चिठ्ठी केव्हाच निघून गेलेली. त्रिकोण तांबडा होता, पिवळा होता की हिरवा, कुणालाच सांगता येईना. रात्रभर उशाशी बसलो. घाम फुटतो का, लाळ गळते का, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात का, हे नर्सबाई पुन्हापुन्हा पाहून जात. पहाटे पोर उठली आणि काजवे कुठे आहेत म्हणून भांडू लागली, तेव्हा कुठे भावाने पाण्याचा घोट घेतला. मी तीस वर्षे गावोगाव सभा घेऊन रिकाम्या डब्यांविषयी सांगत आलो, आणि कॅन निघाला माझ्याच घरच्या गाडीत!

आता कारण ऐका. फवारणीची पुष्कळशी औषधे तेलकट द्रवात विरघळवलेली असतात. ती पाण्यात पडली की पाणी दुधासारखे होते, हे तुम्ही पंप भरताना रोज पाहता. प्लॅस्टिक हे औषध शोषून घेते आणि मग हळूहळू पाण्यात सोडते. म्हणून कितीही घासा, तो कॅन पिण्याच्या पाण्याचा होत नाही. रिकामा झाला की तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, आणि कॅनला त्याच क्षणी भोके पाडावीत, म्हणजे पुन्हा वापरण्याचा मोहच नको. एवढे करूनही कुणाच्या पोटात औषध गेलेच, तर मीठपाणी पाजून ओकारी काढण्याच्या भानगडीत पडू नका. डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा.

तेव्हा सामानात पहिले स्थान पाण्याचे. माणशी दिवसाला चार-पाच लिटर पिण्याचे धरा आणि ते घरातल्या हंड्या-कळशांत किंवा पाण्यासाठीच घेतलेल्या जारमध्ये भरा. पिकअपमधून खते-औषधे वाहिली असतील, तर आदल्या दिवशी हौदा धुऊन उन्हात वाळवा. पिठाचा डबा आणि अंथरुणे त्यातच जाणार आहेत.

खाण्याचे काय न्यावे हे तुम्हाला मी सांगायला नको. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे, गूळ, लिंबे, शिवाय खिचडीपुरते डाळ-तांदूळ. स्वयंपाकाला गॅसची शेगडीच न्या. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे आणि मे महिन्यात पाचोळा काडीसारखा पेटतो. पोरांना जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ द्यावे. चमचा चहाचा घ्या.

दिवसा अंगाची लाही होते म्हणून पांघरुणे घरी ठेवू नका. रात्री पाण्यावरून गार वारा सुटतो, घोंगडी हवीच. मच्छरदाणी न्या आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश फारसा दुखत नाही, त्यामुळे झोपेत कळतही नाही. सकाळी बूट-चपला झटकून घाला. साप चावलाच तर मांत्रिक नको, १०८ ला फोन करा, आणि जवळचे ग्रामीण रुग्णालय कुठे आहे हे जातानाच विचारून ठेवा.

तंबू पाण्याला चिकटून ठोकू नका. उन्हाळ्यात धरण खाली गेलेले असते आणि उघडी पडलेली जमीन वरून वाळलेली दिसली तरी आत गाळ असतो. तिथे रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर शोधत हिंडणारे मी पाहिले आहेत. दुपारनंतर वळवाचे ढग चढले आणि गडगडू लागले, की झाडाखालून आणि तंबूतून उठून बंद टपाच्या गाडीत काचा लावून बसा.

काजव्यांसाठी म्हणून एकच जिन्नस लागतो, लाल जिलेटीनचा कागद. तो बॅटरीच्या काचेवर बांधा. काजवा चमकतो तो जोडीदाराला हाक घालण्यासाठी. आपण मोटारीचे दिवे लावले की ती हाक दिसेनाशी होते. डासांचा फवाराही तिथे मारू नका, काजवाही कीटकच. झाडे हलवू नका, काजवे बाटलीत भरू नका.

गाडी भरताना जे आधी लागणार ते शेवटी चढवा. ताडपत्री, दोर, खुंट्या, हातोडी आणि बॅटरी अगदी वर. आम्ही पहिल्या वर्षी हातोडी तांदळाच्या पोत्याखाली ठेवली आणि खुंट्या दगडाने ठोकल्या.

नातीने काजवे पाहिले ते पुढच्या वर्षी, रतनवाडीच्या वाटेवर. पाणी तिच्या आजीने स्वतः भरले होते.

काजव्यांच्याच जातकुळीतले, पण आपल्या मुळावर उठणारे हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवाबरोबर कडुनिंब-बाभळीवर जमतील. ते रात्री झाड हलवून कसे गोळा करायचे, ते पुढच्या अंकात.