पाठ केलेला धीटपणा

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नयी तालीमची मांडणी झाली : शिकायचं ते करून. मुलांना अभिनय शिकवताना मात्र आपण संवाद पाठ करून घेतो.

सेलू तालुक्यातल्या शिबिरात मी ‘ग्रामसभा’ हा खेळ घेतला. संवाद ज्याचे त्यानेच सुचतील तसे बोलायचे. मुलगे आपसूक सरपंच झाले, मुली चहा देऊ लागल्या. मी भूमिका बदलल्या. सरपंच झालेली सातवीतली मुलगी आधी गप्पच. मग म्हणाली, “पहिले बायकायच्या संडासाचं बोला.” सगळे हसले, ती थांबली नाही.

२०११ पासून राज्यातल्या पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. मैत्रिणींनो, खुर्ची कायद्याने मिळते. आवाजाचा सराव लहानपणीच हवा. पाठांतराची बक्षिसं पुरे झाली.