साथ आली की नियम कोणासाठी सैल होतात?

“ताई, इथे माणसे मरताहेत आणि तुम्हाला कचऱ्याचे नियम सुचताहेत!”

२०२० च्या मे महिन्यात पालिकेच्या एका अधिकाऱ्याने फोनवर मला हे ऐकवले. मी कचरावेचक बायांच्या गटाबरोबर काम करते. त्या सकाळी आमच्यातल्या एकीला घरगुती कचरा निवडताना सुई टोचली होती. भाजीची देठे, वापरलेले मास्क, सलाईनची नळी, सगळे एकाच ढिगात. आम्ही एवढेच विचारत होतो की हे इथे आले कसे, आणि हिची तपासणी कोण करणार? “साथ ओसरू द्या, मग बघू,” असे उत्तर मिळाले.

तो माणूस दुष्ट नव्हता, रात्रंदिवस राबत होता. म्हणूनच त्याच्या वाक्याची जास्त भीती वाटते. भल्या माणसांनाही पटलेले असते की आरोग्य ही आजची गरज आणि पर्यावरण ही सवडीची चैन.

मैत्रिणींनो, हे नियम आले कुठून ते आठवा. १९९४ साली आधी बीड जिल्ह्यात आणि मग सुरतेत प्लेगची बातमी आली. सुरतेतून लाखो माणसे पळाली. शहरातली घाण हा साऱ्या देशाच्या चर्चेचा विषय झाला. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी शहरांच्या कचऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९९८ मध्ये रुग्णालयांच्या कचऱ्याचे नियम आले, २००० मध्ये शहरांच्या घनकचऱ्याचे. जे नियम रोग पसरू नये म्हणून केले, तेच रोग पसरल्यावर बाजूला ठेवायचे, हा कुठला न्याय?

कागदावर तसे कोणी म्हटले नव्हते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २०२० मध्येच कोविडच्या कचऱ्यासाठी सूचना काढल्या आणि पुढे त्या अनेकदा सुधारल्या. रुग्ण असलेल्या घरातला बाधित कचरा पिवळ्या पिशवीत, वेगळा उचलायचा. इतर घरांनी वापरलेले मास्क कागदी पिशवीत ७२ तास ठेवून, कापून मगच टाकायचे. सूचना ठीकच आहेत. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असताना ती पिशवी तीन दिवस कुठे ठेवायची? ती सांभाळण्याचे काम कोणाच्या गळ्यात पडणार? आणि पिवळी पिशवी वस्तीत पोचलीच नाही, तर जाब कोणाला विचारायचा?

आमच्या भागात त्या महिन्यांत कचऱ्याची तपासणी करायला कोणी फिरकले नाही. मात्र पहाटे कामावर निघालेल्या आमच्या बायांकडे पोलीस चौकाचौकांत पास मागत होते. म्हणजे कायद्याचा हात आखडला नव्हता. कचरा टाकणाऱ्याला सोडून तो उचलणारीवर पडत होता.

वरच्या पातळीवरही वेगळे घडले नाही. त्याच टाळेबंदीत केंद्र सरकारने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा पुढे आणला. जनसुनावणीपूर्वी लोकांना म्हणणे मांडायला मिळणारी मुदत ३० दिवसांवरून २० वर आणायची, परवानगीशिवाय सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून मान्यतेची वाट ठेवायची, असे त्यात होते. हरकती कधी मागवल्या? घराबाहेर पडायला बंदी असताना! ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाला मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली आणि मसुदा इतर भारतीय भाषांत आणायला सांगावे लागले. ज्या बाईच्या शेतावर, पाण्यावर प्रकल्प येणार, तिला तो तिच्या भाषेत वाचता यावा एवढ्यासाठीही कोर्ट!

रुग्णालयांवर ताण होता, हे मी नाकारत नाही. काही नियम काही दिवस पाळता येणार नाहीत, हेही मान्य. पण मग सवलत लेखी द्या. ती कोणाला, किती दिवस, का, हे जाहीर करा. तिचा धोका ज्या अंगावर घेणार, त्यांना हातमोजे, लस, तपासणी आणि भरपाई आधी द्या. तोंडी सवलतीची किंमत नेहमी तीच बाई मोजते, जिचे नाव हजेरीपटावर नसते.

आता थोडे आपल्याबद्दल. त्या काळात आपल्या संघटनांनी रेशन वाटले, घरात मार खाणाऱ्या बायांसाठी फोन सुरू ठेवले. ते करायलाच हवे होते. पण आपल्या बैठकांतही कचऱ्याचा, धुराचा, पाण्याचा विषय निघाला की “ते नंतर” असेच म्हटले गेले. मीही म्हटले आहे. त्या अधिकाऱ्याचे वाक्य आपल्याही तोंडी होते.

पुढची साथ येईल तेव्हा धावपळीत कोणी ऐकणार नाही. म्हणून आजच आपापल्या पालिकेत, ग्रामपंचायतीत जाऊन विचारू या: साथीच्या दिवसांत कचऱ्याची तपासणी कोण करणार? तक्रार कोणाकडे? कचरावेचक बायांची नावे तुमच्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या यादीत आहेत का?

सुई टोचलेल्या आमच्या ताईची तपासणी शेवटी आम्ही वर्गणी काढून केली. ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली. कचरा थांबला नव्हता.