नाव मिळाले, लेण्यांचे काय?

धाराशिव : उस्मानाबाद शहराच्या नामांतराला फेब्रुवारी 2023 मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्ह्याच्या नावावरही शिक्कामोर्तब झाले. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मे 2024 मध्ये न्यायालयाने राज्य सरकारचा निर्णय कायम ठेवला. या काळात नावाच्या बाजूने आणि विरुद्ध जेवढे बोलले गेले, त्याच्या दशांशानेही त्याच नावाने जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक असलेल्या लेण्यांविषयी बोलले गेले नाही. जेम्स बर्जेस यांनी 1875-76 च्या हंगामात निजामाच्या मुलखातील पुरावशेषांची पाहणी केली आणि 1878 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात धाराशिवच्या लेण्यांची सविस्तर नोंद केली. ज्यांच्यावरून पुढे उस्मानाबाद हे नाव पडले, त्या मीर उस्मान अली खान यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, बालाघाटाच्या रांगेतील एका घळीत ही लेणी खोदलेली आहेत. संख्या सात. त्यांतील दुसरे लेणे सर्वांत मोठे. सुमारे 80 फूट लांब-रुंद असा मध्यवर्ती मंडप, भोवती भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या आणि मागे गर्भगृह अशी त्याची रचना आहे. अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी तिचे साम्य उघड दिसते. काळ साधारण पाचव्या ते सातव्या शतकाचा मानला जातो. काही लेणी पुढे जैन परंपरेकडे गेली, असे अनेक अभ्यासकांचे मत असले तरी मुळात कोणते लेणे कोणाचे, यावर एकमत नाही. गर्भगृहातील पद्मासनस्थ मूर्तीला कोणी बुद्ध म्हणतो, कोणी पार्श्वनाथ. एखादे स्थळ हातोहात जाताना आपली जुनी खूण पूर्णपणे पुसत नाही, हे महाराष्ट्रात नवे नाही. वेरूळला तर तिन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. हक्काच्या भाषेने या प्रश्नाकडे पाहणे म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही.

जैन परंपरेतील साक्ष मात्र विलक्षण आहे. अकराव्या शतकाच्या सुमारास मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' हे काव्य रचले. विदर्भातील कारंजा येथून 1934 मध्ये हिरालाल जैन यांनी ते संपादित करून प्रसिद्ध केले. त्यात राजा करकंड तेरापूरजवळच्या डोंगरातील लेण्यात येतो, पार्श्वनाथाच्या मूर्तीच्या सिंहासनावरील एक गाठ शोभत नाही म्हणून ती फोडायला लावतो आणि तेथून पाण्याचा लोंढा उसळून लेणे भरून जाते. पश्चात्ताप झालेला राजा नवी लेणी खोदवतो. हे तेरापूर म्हणजे आजचे तेर, असे हिरालाल जैन यांनी मानले.

तेर हे नाव आले की विषय लेण्यांपुरता राहत नाही. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ज्या तगर नगरीचा उल्लेख आहे, ती हीच. रोमशी व्यापार करणाऱ्या या नगरीचे अवशेष आज तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहेत. विटांचे गजपृष्ठाकृती त्रिविक्रम मंदिर गावातच उभे आहे, आणि वारकऱ्यांना तेर ठाऊक आहे ते संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून. बाजारपेठ, विहार आणि देऊळ यांची ही साखळी एकाच दिवसात पाहता येते. प्रत्यक्षात ती क्वचितच कोणी पाहतो.

कारण सरळ आहे. या जिल्ह्यात येणारा प्रवासी तुळजाभवानीचा भाविक असतो. तुळजापूरहून धाराशिव पंचवीसेक किलोमीटर. सोलापूर-धुळे महामार्ग दोन्ही ठिकाणांना जोडतो. तरीही दर्शन घेऊन परतणाऱ्याच्या कार्यक्रमात लेणी नसतात. लेणी म्हटले की पुण्या-मुंबईचा वाचक छत्रपती संभाजीनगरची वाट धरतो. अजिंठा व वेरूळ यांना 1983 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांच्यामागे केंद्रीय पुरातत्त्व विभागाची यंत्रणा आणि पैसा आहे. केंद्राच्या यादीत महाराष्ट्रातील 286 स्मारके आहेत, राज्याच्या यादीत त्याहून अधिक, आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची तिजोरी मात्र तुटपुंजी.

याच जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ल्याचा प्रयोग येथे आठवावा लागेल. स्मारकांच्या संगोपनात खासगी सहभाग घेण्याच्या राज्य योजनेखाली 2014 मध्ये तो दहा वर्षांसाठी एका कंपनीकडे देण्यात आला. उद्याने फुलली, पर्यटक वाढले. पण किल्ल्याचे गणित लेण्यांना जसेच्या तसे लागू पडणार नाही. किल्ल्यात मोकळी जागा असते. लेण्यात गर्दी हीच धोक्याची बाब ठरते. धाराशिवचा खडक अजिंठ्याइतका भक्कम नाही. दर्शनी भागाची पडझड बर्जेस यांच्या वेळीच झालेली होती. दर पावसाळ्यात भेगांतून पाणी झिरपते आणि खडकाची झीज पुढे सरकते. आधी पाण्याचा निचरा, भेगांची दुरुस्ती आणि मूर्तींची शास्त्रशुद्ध नोंद. तिकीटघर आणि उपाहारगृह नंतर, हाच क्रम शहाणपणाचा.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या रेल्वेमार्गाला 2019 मध्ये मान्यता मिळाली. गाडी धावू लागली की भाविकांचा ओघ वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या गर्दीतले काही पाय घळीकडे वळतील. तोवर निचऱ्याचे आणि दुरुस्तीचे काम झालेले असेल का, याचे उत्तर संचालनालयाच्या अंदाजपत्रकातच शोधावे लागेल.