पूर्ण नाव काय?

नांदेडात भाड्याची खोली मिळत नाही, भाव आभाळाला भिडलेत, अशी बोंब आहे. भाव वाढलेत हे खरं. कोचिंगच्या धंद्यानं मराठवाडाभरची पोरं इथं आणून ओतली. श्यामनगर, भाग्यनगरकडं ज्याच्या जिन्याखाली जागा होती त्यानं तिथंही कॉट टाकली. पण खोलीच नाही, हे साफ खोटं. गेटागेटाला पाट्या लटकतायत. दोन दिवसांत मी एकोणीस मोजल्या.

मी किनवटचा. मुंबईत गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली माल उतरवतो. खाडा झाला की रोजी बुडाली. बहीण बारावीला चांगल्या मार्कांनी निघाली, नांदेडच्या कॉलेजात नंबर लागला, सरकारी वसतिगृहात लागला नाही. किनवटहून रोज ये-जा करणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून चार खाडे करून नंदीग्रामनं पहाटे नांदेडला उतरलो.

पहिल्याच घरी काकूंनी खोली दाखवली. दहा बाय दहा, वर स्लॅब, नळ खाली अंगणात. साडेतीन हजार भाडं, दहा हजार डिपॉझिट. मी म्हणालो, जमलं. मग खरा व्यवहार सुरू झाला.

"पूर्ण नाव काय?"

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी कर. त्यावरून पत्ता लागत नाही. मग माणूस वळसा घालून येतो. किनवटला कोण्या गल्लीत राहता? वडील काय करतात? तुमच्यात देव कोणता?

"बौद्ध आहोत," म्हणालो.

काकूंचा चेहरा पडला नाही, उलट जास्त गोड झाला. "आम्ही तसलं काही मानत नाही हो. पण ह्यांना विचारावं लागंल." हे आतच टीव्ही बघत बसले होते.

एकोणीसपैकी अकरा घरी पाहुणे यायचे होते. २००८ साली गुरु-ता-गद्दीला आले नसतील एवढे पाहुणे त्या आठवड्यात नांदेडात येणार होते. तिघांकडं खोली 'सकाळीच गेली' होती. संध्याकाळी मुद्दाम परत त्या रस्त्यानं गेलो. पाट्या तिथंच.

तिसऱ्या दिवशी बहीण म्हणाली, दादा, तू नको येऊ. तिनं मोबाईलची रिंगटोन बदलली. भीमगीत होतं. २०१५ साली शिर्डीत अशाच रिंगटोनवरून आपला एक पोरगा मारला गेला, हे तिला माहीत आहे. गळ्यातलं पेंडंट काढून पर्समध्ये टाकलं आणि गेली. अर्ध्या तासात खोली मिळाली. चार हजार. तिनं कोणतं आडनाव सांगितलं ते मी इथं लिहीत नाही.

१९१७ सालचं बडोदं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. बाबासाहेब पारशी नाव घेऊन पारशांच्या सरायीत उतरले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. भाषणात हे सांगताना आपला गळा भरून येतो. आणि आपल्या घरातल्या पोरी आज तेच करतायत, तेव्हा आपण म्हणतो, ॲडजस्ट कर.

एप्रिलात तिला मिरवणुकीत घरमालकाच्या पोरानं पाहिलं. काठी घेऊन कोणी आलं नाही. जमाना सुधारलाय. "आमचा भाचा येणारय, महिन्याच्या आत खोली खाली कर." दहा हजारांतले सहा कापले. रंगकाम म्हणे.

ठाण्यावर गेलो. हवालदार म्हणाला, घर त्याचं, मर्जी त्याची. मित्रांनो, आपल्यातल्या निम्म्यांनाही हेच वाटतं. मलाही वाटत होतं. मॅट्रिक माणूस, कायदा कुठून माहीत असणार? एका वकील मित्रानं दाखवला. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५, कलम ४. कोणत्याही वस्तीत घर घ्यायला, राहायला अस्पृश्यतेच्या कारणानं आडकाठी केली तर गुन्हा. आणि कलम १२ असं की, ज्याला त्रास झाला तो अनुसूचित जातीचा असेल तर कोर्टानं अस्पृश्यतेमुळंच झालं असं धरायचं. तसं नव्हतं हे समोरच्यानं सिद्ध करायचं. पाहुण्यांची यादी त्यानं द्यायची, आपण नाही! शिक्षा एक ते सहा महिने. आणि दंड? १०० ते ५०० रुपये. १९७६ साली कायदा दुरुस्त केला तेव्हाचा आकडा. तेव्हा पाचशेला किंमत होती. आज तेवढ्यात रंगाचा डबाही येत नाही.

दुसरा कायदा भाड्याचा. मराठवाड्यात आधी हैदराबादचा १९५४ चा होता, ३१ मार्च २००० पासून सगळ्या महाराष्ट्राला एकच. त्यात कलम ५५: करार लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. बहिणीला ना करार मिळाला, ना एका महिन्याची पावती. नऊ महिने ती त्या घरात राहिली याचा कागद नाही. पण कागद नाही म्हणून सहा हजारांवरचा हक्क जात नाही. लेखी नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, तसं नव्हतं हे मालकानं सिद्ध करायचं, असं तेच कलम सांगतं.

स्वाधार योजनेचं ऐका. २०१६-१७ ला सुरू करताना जिल्ह्याच्या ठिकाणी राहायचा खर्च सरकारनं वर्षाला १२ हजार धरला. म्हणजे महिना एक हजार. हा आकडा काढणाऱ्या साहेबाला ती हजाराची खोली दाखवायला सांगा. मी गोदीतून येऊन बघतो.

आता ती आपल्याच वस्तीत राहते. वर पत्रा, खाली फरशी, सहा कुटुंबांत एक संडास, आणि भाडं तीन हजार! शेजारच्या कॉलनीतल्या स्लॅबपेक्षा फक्त पाचशेनं कमी. का? कारण आपण दुसरीकडं जाऊ शकत नाही हे मालकाला ठाऊक आहे. दार तिकडं बंद झालं की भाव इकडं चढतो. आणि हा मालक आपलाच आहे, साला. राखीव जागेवर नोकरी, दोन मजली घर, घराला नाव 'मैत्री'. त्यालाही बँकवाला भाडेकरू पाहिजे. मांगाचं पोरगं आलं की त्याच्याकडंही पाहुणे येतात. मुसलमान पोराला तर तो पाटीपाशीच थांबवतो. यावर आपल्या सभेत कोण बोलणार?

गावातच राहा म्हणणारे आहेत. नांदेड जिल्ह्यातलं गाव! १९७८ ला टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले, २०२३ च्या जूनमध्ये बोंढारला अक्षय भालेराव. बोंढार तर शहराला खेटून आहे. तिथून माणूस शहरात खोली शोधायला निघतो ती हौस म्हणून नाही.

माझं म्हणणं एवढंच. येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा नांदेडच्या छावणीनं पोरांना एकटं सोडू नये. चार जणांनी बरोबर जावं, पूर्ण नाव सांगावं, 'पाहुणे' आले की तारीख, वेळ, पत्ता वहीत लिहावा. पाठोपाठ दुसऱ्या आडनावाचा मित्र पाठवावा. त्याला खोली मिळाली की वही घेऊन ठाण्यावर जावं, कलम ४ आणि १२ लिहून द्यावं. पन्नास तक्रारींत एक तरी टिकेल. दोन मजली 'मैत्री'वाल्यांच्या दारातही हीच वही घेऊन जायचं. मी चार खाडे करायला तयार आहे.

परवा बहिणीचा फोन होता. रिंगटोन परत तीच ठेवलीय. शेजारीण ओरडते म्हणाली, आवाज कमी कर माय, लेकरू झोपलंय.