ज्यूंचं दुःख आपण का वाचायचं?

गेल्या महिन्यात आमच्या वाचन कट्ट्यावर भांडण झालं. कट्टा म्हणजे नगरमधले आम्ही दहा-बारा जण, बहुतेक शिक्षक. महिन्याला एक पुस्तक, मग चहा आणि चर्चा. या वेळी दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यूंवरची कादंबरी घेऊ, असं ठरत होतं. तेवढ्यात उर्दू शाळेतले एक ज्येष्ठ सर उठले. म्हणाले, "मॅडम, गाझात लेकरं मरतायत आणि आपण ज्यूंसाठी रडायचं? मी नाही वाचणार."

सरांचा राग मला कळतो. ते फोटो मीही पाहिलेत, झोप माझीही उडालीय. पण त्यांचं म्हणणं मला मान्य नाही, आणि त्यांच्यासारखं बोलणारे आपल्या जमातीत पुष्कळ आहेत म्हणून हे लिहितेय.

पॅलेस्टाईनबद्दल बोलताना आपण सगळेच एक वाक्य वापरतो : गुन्हा युरोपने केला, किंमत पॅलेस्टिनींनी मोजली. वाक्य खरं आहे. पण त्याचा अर्धा भाग आपल्याला माहीतच नसतो. कोणता गुन्हा? १९३३ च्या एप्रिलमध्ये दुकानांवरच्या बहिष्काराने सुरू झालेला, १९३५ मध्ये कायद्याने नागरिकत्व काढून घेणारा, १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये प्रार्थनास्थळं जाळणारा आणि शेवटी साठ लाख माणसं मारणारा. त्याच १९३८ च्या जुलैत फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी बत्तीस देश निर्वासित ज्यूंचा प्रश्न सोडवायला बसले आणि बहुतेकांनी आपापली दारं बंदच ठेवली. हे वाचायचंच नाही म्हटलं, तर आपल्या वाक्यात उरतं काय? नुसती घोषणा.

त्याहून वाईट म्हणजे आपल्या पोरांच्या मोबाईलमध्ये फिरणारा तो मेसेज. हिटलरचा फोटो आणि खाली त्याच्या नावावर खपवलेलं एक वाक्य, की मी काही ज्यू मुद्दाम जिवंत सोडले, जगाला कळावं म्हणून. असं तो बोलल्याचा कुठेही पुरावा नाही. माझ्या वर्गातल्या नववीच्या मुलाने तो मोठ्या कौतुकाने मला दाखवला होता. त्याला मी विचारलं, हा माणूस आज इथे असता तर तुला कुठल्या रांगेत उभं केलं असतं? त्याला प्रश्नच कळला नाही. १९३९ मध्ये गोळवलकरांनी आपल्या इंग्रजी पुस्तकात जर्मनीने ज्यूंचं जे केलं त्यात हिंदुस्थानने घेण्यासारखा धडा आहे, असं लिहून ठेवलंय. तो धडा कुणावर गिरवायचा होता, हे मुसलमानाच्या पोराला समजावून सांगावं लागावं? आणि आपली पोरं हिटलरचेच मेसेज पुढे पाठवतात. सरांनी रागवायचंच असेल तर आधी या मेसेजवर रागवावं.

आता दुसरी बाजू. वाचायचं ठरल्यावर कट्ट्यावर लगेच नाव आलं ते जॉन बॉयन यांच्या 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज'चं. २००६ चं पुस्तक, २००८ मध्ये सिनेमाही आला, सोपं आणि छोटं. मी विरोध केला आणि अजूनही करते. छावणीच्या कमांडंटचा नऊ वर्षांचा मुलगा ब्रूनो, त्याला पलीकडे काय चाललंय याचा पत्ताच नाही. कुंपणाच्या त्या बाजूला त्याच्याच वयाचा ज्यू मुलगा श्मुएल. दोघं रोज गप्पा मारतात. ऑशविट्झमध्ये विजेच्या तारांचं कुंपण होतं, आणि काम करण्याच्या वयाची नसलेली बहुतेक मुलं आल्या दिवशीच मारली जात. ते सोडा, कादंबरी म्हणून सूट देऊ. पण शेवटी वाचक रडतो कुणासाठी? चुकून आत गेलेल्या ब्रूनोसाठी! श्मुएलचं मरण जणू ठरलेलंच होतं. ऑशविट्झच्या संग्रहालयाने २०२० मध्ये जाहीर सांगितलं, की हा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं. शिक्षकांच्या कट्ट्याला आणखी काय हवं?

मी सुचवली अनिता देसाईंची 'बॉमगार्टनर्स बॉम्बे'. १९८८ ची इंग्रजी कादंबरी. यात छावणीतली गॅस चेंबर नाहीत. बर्लिनमधलं फर्निचरचं दुकान आहे, ते आधी रंगवून विटाळलं जातं, मग हॅम्बुर्गचा एक सभ्य गृहस्थ धंदा ताब्यात घेतो. खूप नम्रपणे, कागदपत्रं नीट करून. मुलगा ह्यूगो हिंदुस्थानात पळून येतो, तर इंग्रज त्याला जर्मन म्हणून शत्रू ठरवतात आणि नाझींबरोबर एकाच छावणीत कोंडतात. आईची बारीक बारीक पत्रं येत राहतात. मग येत नाहीत.

हे वाचताना नगरकराला दचकायला होतं. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी जर्मन नागरिकांना ज्या ठिकाणी नजरकैदेत आणलं त्यात आपलं नगरही होतं. हिटलरचे भक्त आणि हिटलरपासून पळालेले ज्यू, एकाच तारेच्या आत. १९४२ मध्ये इथल्याच किल्ल्यात मौलाना आझाद कैदेत आले आणि 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं त्यांनी इथे लिहिली. मौलानांच्या कोठडीबद्दल आम्ही दरवर्षी भाषणं करतो, त्या दुसऱ्या कैद्यांबद्दल एक शब्द नाही. (मीही या कादंबरीनंतरच शोधायला लागले, हे कबूल.)

आपण १९३५ च्या जर्मनीत राहतोय असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. पण भाड्याचं घर बघायला गेल्यावर नाव सांगताच घरमालकाचा आवाज कसा बदलतो, ते मला माहीत आहे, त्यामुळे हॅम्बुर्गच्या त्या गृहस्थाची नम्रता मला दुसऱ्यांदा वाचावी लागली नाही.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी सांगितली, तेव्हा खोली गप्प झाली. ऑशविट्झमध्ये उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या, आता मरणारच अशा कैद्याला बाकीचे कैदी जर्मनमध्ये 'मुसलमान' म्हणत. तिथून वाचलेले इटालियन ज्यू लेखक प्रिमो लेव्ही यांनी हे लिहून ठेवलंय. कारणं वेगवेगळी सांगतात. एक असं, की जमिनीकडे झुकलेला तो देह दुरून सजद्यातल्या माणसासारखा दिसे. ज्यू मरत होता आणि त्याला नाव आपलं दिलं जात होतं. या पुस्तकांशी आपला काय संबंध, असं विचारणाऱ्यांना मी दुसरं काय सांगू?

सर त्या दिवशी निघून गेले. पुढच्या बैठकीलाही आले नाहीत. पण परवा शाळेच्या गेटवर भेटले, पिशवीत कादंबरी होती. कलकत्त्याच्या दंग्यापर्यंत पोचलेत. ह्यूगोचा भागीदार हबीबुल्ला आता ढाक्याला जायचं म्हणतोय, तिथे अडलेत. म्हणाले, "मॅडम, हा हबीबुल्ला का जातो, आणि तो ज्यू का राहतो, यावर बोलायचंय मला. कट्टा कधी आहे?"

पुढच्या रविवारी, साडेचारला.