एका क्रियाविशेषणाविरुद्ध फिर्याद

इंग्रजी भाषेत एक क्रियाविशेषण असे आहे की, जे कोणी इंग्रज आपल्या बायकोशी बोलताना वापरत नाही, मित्राच्या पत्रात घालत नाही, आणि भांडणात तर मुळीच नाही. तरीही जोगेश्वरीच्या मेघवाडीत, मजासवाडीत, पूनमनगरात ते कपाटाच्या खणात जपून ठेवलेले आढळते. त्याचे नाव ‘हिअरइनाफ्टर’. वाचकहो, चकली मोडता मोडता हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. चकलीला काटे कमी वाटतील!

अर्थ काही गहन नाही. ‘हिअर’ म्हणजे येथे, ‘इन’ म्हणजे आत, ‘आफ्टर’ म्हणजे नंतर. तिन्ही मिळून ‘या दस्तऐवजात येथून पुढे’. इमारतीच्या पुनर्विकासाच्या करारनाम्यात आरंभी कंपनीचे लांबलचक नाव आणि पत्ता देतात, आणि येथून पुढे हिला ‘डेव्हलपर’ म्हणावे, असे सांगतात. म्हणजे हे एक बारसेच झाले. बारशाला कोण हरकत घेईल?

परंतु या पाळण्यात आणखी कोणाकोणाला निजवले आहे, तेही पाहिले पाहिजे. ‘हिअरइनाफ्टर’च्या मागून बहुधा एक शेपूट येते: या नावात त्या कंपनीचे उत्तराधिकारी आणि ‘असाइन्स’ही धरावेत. असाइन्स म्हणजे कंपनी ज्यांच्याकडे आपले हक्क सोपवील ते. आपण ज्याचे तोंड पाहून घर रिकामे करतो, तो उद्या काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळा होऊ शकेल, याची पहिली खूण पहिल्याच पानावर असते. पुढचे एखादे कलम त्याला आवर घालत असेल तर उत्तम. पण ते कलम शोधायला हवे, एवढे कळण्यासाठी तरी आधी हे शेपूट वाचता आले पाहिजे.

आमच्या शेजारच्या मावशींनी सहीच्या आदल्या दिवशी असाच एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मावशींनी पापड लाटून संसार केला, आणि हिशेबात त्यांना आजवर कोणी फसवले नाही. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, हा लांब शब्द मी अकरा ठिकाणी मोजला. पण ह्यात माझं घर कुठं लिहिलंय?’ घर होते. ‘सेड प्रिमायसेस’ असे नाव धारण करून एकविसाव्या पानावरच्या परिशिष्टात बसले होते. चाळीस वर्षे ज्या घरात राहिलो, ते कागदावर ओळखूही येऊ नये, याला काय म्हणावे?

यावर वकील मंडळींचे उत्तर ठरलेले असते. या शब्दांचे अर्थ न्यायालयांत घासूनपुसून पक्के झाले आहेत, ते बदलले तर घोटाळा होईल! मी म्हणतो, नावापुढे कंसात ‘विकासक’ एवढे लिहिले तर कोणता घोटाळा होतो? ज्यांच्याकडून ही भाषा आपण उचलली, त्यांनीच तिच्याशी शतकानुशतके झगडा केला आहे. १३६२ साली, तिसऱ्या एडवर्डच्या राज्यात कायदा झाला की न्यायालयातले वाद इंग्रजीत चालावेत. कारण लोकांना फ्रेंच येत नाही, आणि आपल्या बाजूने काय बोलले, विरुद्ध काय बोलले, तेच त्यांना उमगत नाही. (गंमत अशी की, हा कायदा लिहिला फ्रेंचमध्येच!) कागदपत्रे लॅटिनमधून इंग्रजीत यायला १७३१ चा कायदा लागला. १९७९ साली तेथे सोप्या इंग्रजीसाठी चळवळच उभी राहिली, आणि १९९९ पासून इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयांनी ‘प्लेंटिफ’ हा जुना शब्द सोडून ‘क्लेमंट’ हा सोपा शब्द घेतला. मालकाने टाकलेली फाटकी टोपी आपण मात्र डोक्यावर मिरवतो आहोत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या स्थावर संपदा नियमांसोबतच्या नमुना करारातही हे क्रियाविशेषण पहिल्याच परिच्छेदात विराजमान आहे.

मग त्याला मराठी प्रतिशब्द द्यावा काय? नको! तो उद्योगही झाला आहे. सरकारी मराठीत ‘यात यापुढे ज्याचा निर्देश अमुक असा करण्यात आला आहे’ असली वाक्ये वाचली की, इंग्रजी बरे होते असे वाटू लागते. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने मोलाचे कोश दिले. पण शब्दाला शब्द ठेवला म्हणजे भाषा मराठी होत नाही.

आणि उसने आणायची गरजच काय? आपल्या जुन्या खरेदीखतांत दोनच माणसे असतात: ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. कोण देतो, कोण घेतो, हे नावातच आले. इंग्रजीत ‘लेसर’ आणि ‘लेसी’ यांत भाडेकरू कोण, हे शेवटच्या अक्षरावरून ताडावे लागते! घराच्या चतुःसीमा खतातच सांगितलेल्या. पूर्वेस कोण, पश्चिमेस काय, हे निरक्षर माणसालाही वाचून दाखवले की कळे.

मराठी दस्त कायद्यात बसत नाही, ही तर शुद्ध थाप आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे १९ वे कलम भाषांतर मागते ते, नोंदणी अधिकाऱ्याला न समजणाऱ्या आणि जिल्ह्यात सर्रास न चालणाऱ्या भाषेतल्या दस्तासाठी. मुंबई उपनगर जिल्ह्यात मराठी सर्रास चालत नाही, असे म्हणण्याची छाती कोणा दुय्यम निबंधकाला आहे?

तेव्हा ज्यांच्या सोसायटीत पुनर्विकासाचे वारे वाहते आहे, त्यांना एवढेच सांगणे. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडा: करार मराठीत हवा, इंग्रजी प्रत हवी तर सोबत असू द्या, पण दोहोंत फरक पडला तर मराठी खरी, हे कराराच्या अंगातच लिहून घ्या. सहीपूर्वी तो सभेत मोठ्याने वाचा. आणि जे वाक्य मावशींना कळणार नाही, ते खोडायला लावा. विकासक कुरकुर करील. करू द्या. घर आपले आहे. ते कोणत्या भाषेत लिहून द्यायचे, हे लिहून देणाराने ठरवायचे असते.